चुना एकदाच नीट मिसळा, मग नांगर बाजूला ठेवा : मुंबईत राहून गावची जमीन कसणाऱ्यांसाठी

मी भांडुपला राहतो, शेत मंडणगड तालुक्यात. २२ गुंठे, त्यात १४ गुंठे भाताचं खाचर आणि बाकी ८ गुंठे घराला लागून भाजीची जागा. महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्रीची एसटी धरायची, शनिवार-रविवार शेतात घालवायचे आणि सोमवारी परत लोकलच्या गर्दीत, असं सात वर्षं चाललंय. माझ्यासारखे मुंबईत खूप जण आहेत आणि भेटलो की सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, खत वाढवलं, बियाणं बदललं, दरवर्षी पॉवर टिलर दोन-दोनदा फिरवला, तरी पीक आहे तिथेच. माझ्या शेतात उत्तर मातीतल्या जिवाणूंमध्ये सापडलं. त्यांना सगळ्यात जास्त फरक पडतो तो मातीच्या पीएचने, म्हणजे सामूने, आणि आपण माती किती वेळा उलथीपालथी करतो त्याने. चुना आणि नांगरट हे दोन वेगवेगळे विषय समजून केले की गडबड होते, माझी झालीच. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट, जी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुना प्रत्येक जमिनीला नसतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल जमिनीत पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं म्हणून ती आम्लधर्मी होते, तिथे चुन्याचा उपयोग. घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते, सामू ७.५ ते ८.५ च्या घरात, तिथे चुना टाकला तर जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होईल. आणि वसई, उरण, पेण बाजूच्या खारवट जमिनीचा आजारच वेगळा, त्यांनी हा लेख तिथे लावू नये.

माती तपासणी

चार बोटं खरवडून पिशवीत भरली म्हणजे नमुना होत नाही. नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा १५ सेंटीमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढा. बांधाजवळ, शेणखताच्या ढिगाजवळ, झाडाखाली घ्यायचं नाही. सगळं एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायचं. खताच्या रिकाम्या गोणीत तर अजिबात भरू नका, नमुना बाद होतो. मी ती माती मुंबईला आणतो, गॅलरीत पेपरवर सावलीत वाळवतो आणि पुढच्या फेरीत प्रयोगशाळेत देतो. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा चालेल किंवा दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ.

तिथे देताना फक्त पीएच नको, चुन्याची गरजही काढून द्या असं सांगा. कारण एकच ५.३ पीएच असलेल्या दोन जमिनींना वेगवेगळा चुना लागतो, रेताडीला कमी आणि चिकणमाती किंवा सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या मातीला जास्त. नुसत्या पीएचवरून डोस ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. आणि पीएचचा आकडा दिसायला छोटा वाटतो पण ५ वाली माती ६ वाल्यापेक्षा दहापट आम्ल असते हे डोक्यात ठेवा.

घरी बघायचंच असेल तर २० ग्रॅम वाळलेली चाळलेली माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालतं), अर्धा तास अधूनमधून ढवळून वर साचलेल्या पाण्यात पट्टी बुडवा. अंदाज येतो, त्यापलीकडे भरवसा ठेवू नका. मातीत खुपसायचे दोन काट्यांचे स्वस्त मीटर मिळतात ते घेऊ नका, माझ्याकडे एक होतं आणि ते कोरड्या मातीत, ओल्या मातीत, सगळीकडे ७ दाखवायचं.

माझ्या भाजीच्या जागेचा पीएच आला ५.१, खाचराचा ५.६.

पीएचने मातीत नेमकं काय बिघडतं

५.५ च्या खाली गेलं की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं आखूड, जाड, करपल्यासारखी होतात. स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, म्हणजे सुपर फॉस्फेट तुम्ही पैसे देऊन टाकलेलं असतं पण पिकाला त्यातलं फार थोडं मिळतं. आणि जिवाणूंचं बघा. बुरशी आम्ल मातीत बऱ्यापैकी तग धरते, जिवाणू तसे नाहीत. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे, जिथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत, एकाच शेताचा एक पट्टा असा आहे की एका टोकाला पीएच ४ आणि दुसऱ्या टोकाला ८ च्या वर. पीक, हवामान सगळं एकच, फरक फक्त पीएचचा. तिथे पीएच वाढत जातो तशी जिवाणूंची वाढ आणि विविधता वाढत जाते आणि बुरशीचा जोर कमी होत जातो असं दिसलं. आपल्या कामाचे बरेच जिवाणू, अमोनियाचं नायट्रेट करणारे, कडधान्याच्या मुळावर गाठी करणारे रायझोबियम, हे आम्ल मातीत कमजोर पडतात.

हे मला रिपोर्टमधून पटलं नव्हतं, वालाच्या मुळाने पटलं. डिसेंबरमध्ये फुलाच्या सुमारास एक रोप फावड्याने मातीसकट उचललं, बादलीत हलक्या हाताने धुतलं (उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात) आणि गाठी ब्लेडने कापल्या. चुना न टाकलेल्या वाफ्यात पाच-सहा बारीक गाठी, आतून पांढऱ्या आणि दोन तर हिरवट. चुन्याच्या वाफ्यात मुख्य मुळाला लागून टपोऱ्या गाठी, आणि कापल्यावर आतून लालसर गुलाबी, कच्च्या मटणासारखा रंग. तो गुलाबी रंग म्हणजे गाठ नत्र (नायट्रोजन) बांधतेय. पांढरी गाठ काम करत नाही. माझी काकी शेजारी बसून बघत होती, आधी तीच म्हणाली होती, "चुना पानाला लावतात रे बाळा, शेताला कोण लावतं?" त्या दिवशी तिने स्वतः चार रोपं काढून बघितली.

नांगरट आणि चिखलणी

नांगरटीने माती मोकळी होते, तण दबतं, हे खरंच आहे. पहिल्या काही आठवड्यांत पीक जोमाने येतं तेही खरं, कारण मातीचे कण फोडल्यावर आत लपलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंना उघडा मिळतो, ते तुटून पडतात, थोडं नत्र मोकळं होतं. पण हा साठवणीतला खर्च आहे. दरवर्षी तेच केलं की सेंद्रिय कर्ब घटत जातो. शिवाय मायकोरायझा नावाची बुरशी असते, तिचे धागे मुळापासून लांबपर्यंत जाऊन स्फुरद आणून देतात, रोटाव्हेटर ते जाळं चिरून टाकतो आणि पिकाला दर हंगामात ते नव्याने उभं राहायची वाट बघावी लागते. खाचरात तर चिखलणीने (लावणीआधी पाण्यात माती कालवण्याने) वीतभर खाली कडक थर बसतो, भाताला पाणी धरून ठेवायला तो बरा, पण मागून येणाऱ्या वालाचं, हरभऱ्याचं मूळ तिथेच वळतं. ६ एमएमची सळी वाफशावर (माती ना फार ओली, ना कोरडी असताना) हाताने दाबून बघा, सरसर जाऊन एका खोलीला सगळीकडे अडत असेल तर तो थर तिथे आहे.

एक साधी चाचणी सांगतो, फक्त दोन ग्लास लागतात. खाचराच्या दोन जागांची सुपारीएवढी ढेकळं आणून पूर्ण वाळवली, एक दरवर्षी चिखलणी होणाऱ्या भागातलं, दुसरं दोन वर्षं न नांगरलेल्या गादीवाफ्यातलं (उंच केलेल्या वाफ्यातलं). स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याने भरलेले दोन काचेचे ग्लास, प्रत्येकात जाळीच्या तुकड्यावर एक ढेकूळ. चिखलणीवालं बुडताच बाजूने बुडबुडे सुटले आणि मिनिटभरात चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं खाली बसलं, पाणी पिठूळ. दुसऱ्याच्या कडा थोड्या झडल्या, बस्स. सकाळी चहा करताना बघितलं तर ते तसंच जाळीवर, पाणी नितळ, आणि ढेकळातून केसासारखी बारीक मुळं बाहेर तरंगत होती. ही मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट पदार्थ, यांनीच ती माती बांधून ठेवलेली असते.

आता या दोन गोष्टींचा संबंध

चुन्याची पूड पाण्यात फार कमी विरघळते आणि पसरते ती हळूहळू. न नांगरता नुसती वर टाकली तर वरचे चार-पाच सेंटीमीटर सुधारतात, खाली वर्षानुवर्षं आम्लच राहतं. म्हणजे ज्याला नांगरट बंद करायची आहे त्याने बंद करायच्या आधी, शेवटच्या नांगरटीत, चुना १५ सेंटीमीटरपर्यंत मिसळून घ्यायचा. मी हे उलटं केलं, आधी नांगर बंद केला आणि दोन वर्षांनी चुन्याचं लक्षात आलं, मग केलेले वाफे परत मोडावे लागले.

दुसरा संबंध भाताचा. खाचरात पाणी तुंबलं की हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि तीन-चार आठवड्यांत आम्ल मातीचा पीएच आपोआप ६.५-७ च्या दिशेने सरकतो. म्हणून चिखलणीच्या भातात चुन्याचा फरक फारसा दिसत नाही आणि लोक म्हणतात काही उपयोग नाही. पाणी उतरलं की पीएच परत खाली, आणि त्याचा फटका वाल, चवळी, मूग यांना बसतो. आता गादीवाफ्यावर भात घ्यायचा म्हटला, जसं नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत करतात, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच, तर तिथे माती सतत पाण्याखाली नसते आणि ही फुकटची दुरुस्ती पुरेशी होत नाही. म्हणून आम्ल जमिनीत चिखलणी सोडणाऱ्याला चुन्याची गरज वाढते. (कर्जत लोकलने नेरळला उतरून ही पद्धत बघून येता येते, मुंबईकराला यापेक्षा जवळ काही नाही. तिथे तणासाठी ग्लायफोसेट वापरतात, ते मला स्वतःला नको वाटतं, मी विळ्याने कापून तिथेच पसरतो, पण माझं क्षेत्र छोटं आहे म्हणून जमतं.)

कोणता चुना घ्यायचा

तीन प्रकार. चुनखडीची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, डोलोमाइट ज्यात मॅग्नेशियमही असतं, आणि रंगाच्या दुकानात मिळणारा विरवलेला चुना. १०० किलो शुद्ध चुनखडीचं काम विरवलेला चुना ७४ किलोत करतो आणि कळीचा (न विरवलेला) चुना ५६ किलोत, पण ते झणझणीत असतात, हात-डोळे भाजतात आणि जिथे ढीग पडेल तिथले जिवाणू मारतात. मी आता फक्त डोलोमाइट किंवा चुनखडीची पूड वापरतो. जिप्समने पीएच वाढत नाही, दुकानदार काहीही सांगो. भुईमुगाच्या आऱ्यांना (जमिनीत घुसून शेंग धरणाऱ्या देठांना) कॅल्शियम हवं म्हणून टाका, आम्लतेसाठी नाही.

गोणी घेताना चिमूटभर पुडीवर व्हिनेगर टाका, चुनखडी असेल तर फसफसते, डोलोमाइट थोडं हळू, जिप्सम आणि ताजा विरवलेला चुना फसफसत नाही. मग पूड चहाच्या गाळणीतून चाळा, बरीचशी वर राहिली तर ती गोणी घेऊ नका, जाड कण मातीत वर्षं काढतात.

माझा मोठा घोळ इथेच झाला होता. मुंबईत एका हार्डवेअरच्या दुकानात मला सांगितलं की जितका जास्त तितका चांगला, आणि मी विरवलेल्या चुन्याच्या २५ किलोच्या दोन गोण्या नेऊन २ गुंठ्यांत टाकल्या, त्याच दुपारी युरिया आणि शेणखतही टाकलं. संध्याकाळी तिथे डोळ्यांत पाणी येईल असा वास, म्हणजे नत्र अमोनिया होऊन हवेत. पाच दिवसांनी वांगी लावली, महिन्याभरात नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ते लोहाची कमतरता. हिशोब केला तर गुंठ्याला ३४ किलो चुनखडीइतका चुना झाला होता. त्या हंगामात वांगी जवळजवळ मिळालीच नाहीत.

डोस

प्रयोगशाळेने आकडा दिला असेल तर तोच धरा. नसेल तर ५ ते ५.५ च्या हलक्या-मध्यम जमिनीला गुंठ्याला १० ते २० किलो चुनखडी पूड ही ढोबळ मर्यादा, मी ५.१ ला १५ धरली. लक्ष्य ६ ते ६.३. त्यापुढे नेऊ नका, गादीवाफ्यावरच्या भाताला लोह आधीच कमी मिळतं, पीएच चढवला की तो पिवळा पडायची भीती वाढते. पैसे किंवा वाहतूक परवडत नसेल तर पेरणीच्या तासात दरवर्षी गुंठ्याला २ ते ४ किलो, मुळाच्या आजूबाजूची माती तरी सुधारते. मुंबईहून गोण्या न्यायच्या असतील तर हाच मार्ग सोपा.

नाचणी, वरीला चुना लागत नाही, ती आम्लात निभावतात. काजूच्या बुंध्यालाही नको. आधी कडधान्य, भुईमूग आणि भाजी, पैसे तिथे घाला.

प्रत्यक्ष काम, मे महिन्यात

वळवाचा एखादा पाऊस झाला आणि वाफसा आला की सुरुवात. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटला तर वाफसा, थापटासारखा बसला तर थांबा. सकाळी वारा नसताना, तोंडाला रुमाल बांधून, पुडीचा निम्मा भाग उभा आणि निम्मा आडवा फेका, म्हणजे पट्टे राहत नाहीत. मग पॉवर टिलर एकदा उभा, एकदा आडवा, १५ सेंटीमीटर. बस, दोनच. माती पिठासारखी करायची नाही. सळी अडत होती त्या थराला लोखंडी पहारीने किंवा टिकावाने वाफ्याच्या रेषेत भेगा पाडा, माती उलटवू नका. त्याच दिवशी वाफे, माथ्याला साधारण १ मीटर रुंद, मधल्या चरातून चालायचं, वाफ्यावर यापुढे पाय द्यायचा नाही. काम लगेच संपवा कारण जूनचा पाऊस वरवरची पूड धुऊन नेतो.

मग किमान तीन आठवडे काही नाही. त्यानंतर कुजलेलं शेणखत. युरिया, डीएपी चुन्याबरोबर कधीच नाही, आणि रायझोबियम, ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी मित्र बुरशी) हेही पेरणीच्या वेळी बियाण्याला, विरवलेल्या चुन्यापासून लांब.

राबाबद्दल लोक विचारतात. आपल्याकडे टहाळ, पाला, शेण भाजून रोपवाटिका करतात, तिथे रोप जोरात येतं त्याचं एक कारण राख, राखेत कॅल्शियम आणि पोटॅश असतं आणि ती आम्लता कमी करते. म्हणजे जुन्या लोकांना हे काम ठाऊक होतं. पण भाजण्यात वरच्या थरातले जिवाणू आणि पाला दोन्ही जातात. चुलीची चाळलेली राख गुंठ्याला ५-६ किलो टाकली तर त्यातला बराचसा फायदा न भाजता मिळतो.

नांगरट थांबवल्यावर

पीक जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या, ती कुजून पाण्याला आणि पुढच्या मुळाला वाट होते. वर आच्छादन हवंच, उघड्या वाफ्यावर नांगरट बंद करून फायदा नाही. आता पेंढा आच्छादनाला टाका म्हणणं सोपं आहे पण तो गुरांचा चारा असतो, चुलत भाऊ तो देणार नाही आणि बरोबरच आहे त्याचं. मी बांधावर गिरिपुष्प लावलंय, त्याचा पाला वर्षात तीनदा छाटून टाकतो, तो लवकर कुजतो आणि नत्रही देतो. पेंढा टाकलाच तर पहिले काही आठवडे जिवाणू तो कुजवायला मातीतलं नत्र ओढून घेतात, पीक फिकं पडतं, तेव्हा घाबरू नका, थोडं शेणखत किंवा गोमूत्र-पाणी द्या.

उत्पन्नाचं खरं सांगतो. पहिल्या दोन वर्षांत वाढेलच असं नाही, घटूही शकतं. २०१५ मध्ये जगभरातल्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात नांगरट बंद केलेल्या शेतात एकूण सरासरी ५.७ टक्के कमी उत्पन्न दिसलं, आणि जिथे आच्छादन आणि पीक फेरपालट जोडीला होते तिथे ही घट बरीच कमी झाली. माझ्याकडे पहिल्या वर्षी भात कमी आला आणि तणाने हैराण केलं. तिसऱ्या वर्षी भात पूर्वीइतका झाला, पण चिखलणीची मजुरी, डिझेल आणि लावणीसाठी काढायची सुट्टी वाचली, आणि वाल जिथे एक गोण व्हायचा तिथे दीड झाला.

एक गोष्ट विसरू नका, आम्लता परत येते. युरियाची ४५ किलोची एक गोण पूर्ण वापरली की तिने आणलेली आम्लता मारायला साधारण ३७ किलो चुनखडी लागते, अमोनियम सल्फेट तर नत्राच्या किलोमागे त्याच्या जवळजवळ तिप्पट. नांगरट बंद असेल तर ही आम्लता वरच्या पातळ थरात साचते. म्हणून पुढच्या तपासणीत दोन नमुने वेगळे द्या, ० ते ५ सेंटीमीटर आणि ५ ते १५. फक्त वरचा उतरला असेल तर थोडी पूड वर भुरभुरवली तरी चालते, वाफा मोडायची गरज नाही.

गॅलरीतल्या कुंड्यांसाठी

मुंबईत नर्सरीतून लाल माती आणता ती अनेकदा आम्लच असते आणि आपलं तलावाचं पाणी मऊ, त्याने काही सुधारत नाही. मातीच्या किलोला १ ग्रॅम चुनखडी पूड, म्हणजे १० किलोच्या कुंडीला दोन छोटे चमचे, माती भरतानाच मिसळा. अंड्याची टरफलं नुसती चुरून टाकून काही होत नाही, मिक्सरमध्ये अगदी पीठ करा. जास्वंदीला, मोगऱ्याला नको.

जिवाणू वाढतायत की नाही हे लॅबशिवाय बघायचं तर जुन्या सुती बनियनच्या सारख्या दोन पट्ट्या कापा, एक नांगरलेल्या जागी आणि एक न नांगरलेल्या जागी, १० सेंटीमीटर खोल उभी पुरा आणि जागेवर काठी रोवा. ओल असलेल्या मातीत दोन महिन्यांनी काढून धुऊन वाळवून शेजारी ठेवा, जी जास्त कुजली तिथले जिवाणू जास्त कामाला. माझी पहिली जोडी कपाटात अजून आहे, एक जवळजवळ अख्खी आणि दुसरीची फक्त कडेची शिलाई उरलेली, कारण तो दोरा सिंथेटिक होता. सोबत पावसाळ्यात फूटभर लांब, रुंद, खोल खड्ड्यातली गांडुळं मोजून वहीत तारखेसकट लिहा. पुढचा नमुना तिसऱ्या मे महिन्यात, त्याच जागांवरून, खतं टाकायच्या आधी.